तुम्ही विचारलंत म्हणून: खान्देशात समुद्र कुठे?

'आठे कोठे समुद्र शे?' गावी गेले की मावशी हमखास विचारते. मी जळगावात बसून मीठ सोसणारे जीवाणू वेगळे करते, तेही समुद्राकाठच्या चिखलातून, हे तिला पटत नाही. आता विद्यार्थ्यांचे पालकही तेच विचारू लागलेत.

समुद्र नाही, पण तापी आहे. भुसावळ, प्रकाशा करत ती सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी भरतीचं खारं पाणी आत येतं आणि पावसाळ्यात वरून गोडं. तिथला चिखल बर्फाच्या डब्यात घालून ताप्ती लाइनच्या (सुरत-जळगाव रेल्वेमार्गाच्या) गाडीनं आणते.

पहिल्या खेपेला सगळा नमुना वाया गेला. सवयीनं तो साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केला आणि प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या बशीत, जवळजवळ काहीच उगवलं नाही. मिठात मुरलेल्या पेशीभोवती अचानक गोडं पाणी आलं की ते आत घुसतं, नाजूक पेशी फुटतात. लोणच्याच्या फोडी आक्रसतात त्याच्या बरोबर उलट. तेव्हापासून पातळ करायचं पाणीही मिठाचंच. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं. प्लेटमधल्या अगरमध्ये, म्हणजे जीवाणू ज्यावर वाढतात त्या जेलीत, मी मीठ ५, १०, १५ टक्के असं चढवत नेते. आणि थांबते. साध्या प्लेटवर रात्रीतून कॉलनी (जीवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) दिसते, १५ टक्क्यांवर कधी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर प्लेटा सुकू नयेत म्हणून पिशवीत बांधून ठेवायच्या. दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून प्लेट टाकून देणारा विद्यार्थी पाहिला की जीव तुटतो.

खरी निवड त्यानंतर. प्रत्येक कॉलनी बिनमिठाच्या प्लेटवरही लावते. तिथे जी वाढतच नाही ती लवणप्रिय, मिठावाचून तिचं चालत नाही. दोन्हीकडे वाढते ती लवणसहिष्णु. मला हीच हवी. बाहेरचं मीठ पाणी ओढू लागलं की यातले बरेच जीवाणू पेशीत एक्टोइन, बीटेन असे पदार्थ साठवतात आणि आतलं पाणी धरून ठेवतात. मीठ ओसरलं की ते सोडून देतात.

आमच्या शेतातल्या खारवट तुकड्याचं असंच आहे. उन्हाळ्यात वर पांढरा थर, केळीची पानं कडेनं करपतात. पावसात मीठ खाली उतरतं. तिथे टिकायचं तर दोन्ही सोसता आलं पाहिजे. असे जीवाणू रोपाला तिथे तगायला मदत करतात का, ते पाहायला यंदा तीच माती कुंड्यांत भरून, जीवाणू चोळलेलं मक्याचं बी पेरलंय. मावशी, रोपं वर आली की दोन कुंड्या तुझ्या ओट्यावर आणून ठेवते.