तुला चालेल ना?

"तिखट झालेत जरा. तुला चालेल ना?"

कोळाच्या पोह्यांचा डाव माझ्या ताटावर धरून आई थांबली होती. सकाळपासून तिनं हे चौथ्यांदा विचारलं. उटणं लावताना, कढत पाणी ओतताना, चकली वाढताना, आणि आता हे.

कोळाचे पोहे! नारळाचं दूध, चिंचेचा कोळ, गूळ, वरून मिरचीची फोडणी. पातेलं खरवडायला मी दादाशी भांडायचे.

सहा वर्षांनी नरकचतुर्दशीला घरी आहे. टोरांटोत या दिवशी आंघोळ उरकून ऑफिस गाठायचं, संध्याकाळी फोनवर सगळ्यांना बघायचं. आज पहाटे अंधारात तुळशीसमोर उभी राहिले, डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं. बुळबुळीत बिया अंगठ्याला चिकटल्या, दादानं गर जिभेला लावला. तोच कडूपणा! तिथून कायमची परत आल्यावर पहिल्यांदा वाटलं, पोचले घरी.

मग काकाकाकू आले, शाळेतल्या दोघी मैत्रिणी आल्या. दहीपोहे, दूधपोहे, गूळपोहे, ओटीवर नुसता कल्ला. आईनं कुणालाच काही विचारलं नाही, सरळ वाढत गेली. फक्त माझ्यापाशी हात थांबत होता.

तिनं किती काळजीनं विचारलं, ते कळतं मला. तरी घास घशात अडकला. चालेल का, हे पाहुण्याला विचारतात ना?

मी ताट पुढे केलं. "आई, अजून वाढ."

बाहेरून कायमचे परत आलेल्यांनो, तुमच्या घरी हे विचारणं कधी थांबलं?