काचेवरची वाफ आणि एमआय-१७ चा हीटर

गेल्या पौषात एका पहाटे भाच्याबरोबर त्याच्या निफाडच्या मळ्यात निघालो होतो. द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरण्याचे दिवस होते. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून त्याच्या माणसांनी रात्रभर बागेत शेकोट्या धरल्या होत्या आणि त्या नीट चालल्या आहेत की नाहीत, हे त्याला उजाडण्याआधी पाहायचे होते. चांदोरीच्या पुढे गोदाकाठची धुई लागली. बाहेर ती होतीच, पण गाडीच्या काचेला आतूनही वाफ धरू लागली. भाच्याने हीटर पूर्ण सोडला, तरी काच साफ होण्याऐवजी आणखी धूसर झाली. "मामा, हीटर लावला तरी हे असं का होतंय?" असे त्याने विचारले. मी हात पुढे करून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद केले आणि बाहेरची हवा आत घेतली. मिनिटाभरात काच निवळली. त्याला ती जादू वाटली. माझी मात्र हवाई दलातल्या नोकरीची बरीच वर्षे याच एका गोष्टीच्या मागे गेली होती.

मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे इंजिन सोडून बाकीच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ होतो. आधी एमआय-८ आणि नंतर एमआय-१७ या रशियन बनावटीच्या वाहतूक हेलिकॉप्टरांवर काम केले. आपल्याकडे एमआय-८ १९७२ साली दाखल झाले आणि २०१७ च्या डिसेंबरात येलहंका येथे निवृत्त झाले. एमआय-१७ आणि त्याचे नवे रूप एमआय-१७ व्ही-५ यांचे काम अजून चालू आहे. गांधीनगरच्या लष्करी वैमानिक प्रशालेची चीता आणि चेतक नाशिकरोडवरून रोज घिरट्या घालतात, त्यामुळे हेलिकॉप्टर म्हणजे काचेचा बुडबुडा आणि मागे सांगाडा असे चित्र इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर असते. वाहतूक हेलिकॉप्टर म्हणजे वेगळाच संसार. एमआय-८ च्या पोटात सुमारे २३ घनमीटर जागा असते आणि तीत २४ जवान शस्त्रांसह समोरासमोर बसतात. या २४ जणांचा श्वास हाच आमचा मुख्य शत्रू होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हिशेब साधा आहे. स्वस्थ बसलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला ढोबळमानाने ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो, म्हणजे २४ जणांचे मिळून तासाभरात जवळजवळ एक लिटर होते. १५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, तर उणे १० अंशांच्या हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम. त्यामुळे दारे बंद करून तीच हवा आत फिरवत राहिले, तर पंधरा-वीस मिनिटांत २३ घनमीटरची ती जागा वाफेने काठोकाठ भरते. उणे तापमानाच्या काचेला मात्र हवा काठोकाठ भरण्याचीही वाट पाहावी लागत नाही; ती त्याच्या कितीतरी आधीच आतून धरू लागते, आणि थंडी पुरेशी असेल तर वाफ पाणी न होता थेट बर्फाच्या पापुद्र्याच्या रूपाने बसते. लेहचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे आणि एमआय-१७ तिथून ६,००० मीटरपर्यंत जाऊ शकते. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकाप्रमाणे त्या उंचीवर उणे २४ अंश तापमान असते आणि केबिनमध्ये दाबही राखलेला नसतो, त्यामुळे बाहेरची थंडी फटीफटीतून आत शिरते.

म्हणून एमआय-१७ ला हीटर आहे. त्याचे नाव केओ-५० असून तो रॉकेल जातीचे तेच विमानी इंधन जाळतो, ज्यावर इंजिन चालते. पुढच्या बाजूला बसवलेल्या या यंत्रात ज्वाला एका बंद दंडगोलात असते, पंख्याने ढकललेली हवा त्या दंडगोलाच्या बाहेरून वाहत जाऊन तापते आणि मग डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, माणसांच्या पायाशी व वैमानिकांच्या काचांकडे जाते. धूर वेगळ्या नळीने बाहेर पडतो. धुराचा आणि श्वासाच्या हवेचा रस्ता कुठेही एक होऊ नये, हीच या रचनेतली खरी मेख आहे, कारण तो दंडगोल चिरला तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येईल आणि झोप येते आहे एवढेच माणसाला वाटेल. हीटर बंद करतानाही आधी इंधन तोडतात आणि पंखा काही वेळ तसाच चालू ठेवतात. नाहीतर तापलेले पोलाद आतल्या आत कुढत राहते आणि जोडांवर ताण येतो.

ही उष्णता इंजिनकडूनच का घेत नाहीत, असे अनेकजण विचारतात. काही हेलिकॉप्टरांत तसे करतातही. अमेरिकन ब्लॅक हॉकमध्ये इंजिनात हवा दाबणाऱ्या भागातून, म्हणजे कॉम्प्रेसरमधून, काढलेल्या गरम हवेवर केबिन तापते, तर चिनूकमध्ये आमच्यासारखाच इंधन जाळणारा हीटर असतो. पण कॉम्प्रेसरमधून हवा काढली की इंजिनची शक्ती घटते, आणि पाच हजार मीटरवर आधीच हवा विरळ असताना वैमानिक प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब करत असतो. अशा वेळी इंजिनच्या तोंडचा घास काढून जवानांचे पाय शेकणे परवडत नाही. स्वतंत्र हीटरचे वजन, इंधन आणि देखभाल अंगावर पडते, हे खरे आहे. तरीही डोंगरी कामासाठी मला तीच व्यवस्था शहाणपणाची वाटत आली आहे.

आता काचांकडे येतो. वैमानिक आणि सहवैमानिकाच्या समोरच्या दोन काचा साध्या नसतात. त्या थरांच्या असतात आणि बाहेरच्या थराच्या आतल्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा विद्युतवाहक लेप असतो, त्यातून वीज सोडली की काच तापते, बर्फ धरत नाही आणि आतली वाफही हटते. आत बसवलेले संवेदक तापमान पाहून वीज जोडत-तोडत राहतात. या उबेचा आणखी एक लाभ आहे, जो पुष्कळांच्या लक्षात येत नाही: थरांमधले प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ आणि उबेत लवचीक असते, त्यामुळे पक्षी येऊन आदळला तर गरम काच तो धक्का जास्त चांगला पेलते. कडेच्या फुगीर सरकत्या खिडक्या मात्र ॲक्रिलिकच्या असतात, त्यांत वीज खेळवत नाहीत. त्यांची सगळी मदार डक्टमधून येणाऱ्या गरम हवेच्या झोतावर असते. उतरताना वैमानिक खाली बघतो तो याच खिडकीतून.

माझी चूक इथेच झाली होती. १९९० च्या दशकातल्या एका हिवाळ्यात लेहला पहाटे हेलिकॉप्टर तयार केले, हीटर पेटला, केबिनमध्ये छान ऊब आली आणि जवान हातमोजे काढून बसले. मी समाधानाने खाली उतरलो. तेवढ्यात वैमानिकाने डाव्या खिडकीवर आतून टकटक केली. पाहतो तर तो प्लॅस्टिकच्या ओळखपत्राच्या कडेने काचेवरचा बर्फ खरवडत होता, आणि खरवडलेल्या जागेवर त्याच्याच श्वासाने पुन्हा पांढरी जाळी विणली जात होती. आदल्या दिवशीच्या तपासणीनंतर त्या बाजूच्या रबरी नळीवरचा क्लॅम्प मी बोटाने बसवून ठेवला होता आणि स्क्रूड्रायव्हर लावायचा विसरलो होतो. नळी निसटली होती आणि काचेसाठीची सगळी गरम हवा पॅनेलच्या मागे वाया जात होती. उड्डाण पाऊण तास लांबले. आमचे वॉरंट ऑफिसर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझा हातमोजा काढायला लावला आणि उघडा तळहात गरम हवा सोडणाऱ्या एकेका तोंडासमोर, म्हणजे नोझलसमोर, धरून कुठे झोत येतो, कुठे येत नाही, ते सांगायला लावले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत हीटर पेटल्यावर माझा हात आधी काचेच्या नोझलांवर गेला, पायांकडच्या जाळ्यांवर नंतर. हीटर माणसांसाठी आहे असे नव्या पोरांना वाटते. तो आधी काचेसाठी आहे, आणि काच नीट राहिली तर उरलेल्या उबेवर माणसांचा हक्क आहे, असेच मी त्यांना शिकवत आलो.

हीटरमध्ये बाहेरची हवा घेण्याची आणि आतलीच हवा फिरवण्याची, अशा दोन्ही सोयी आहेत. आतली हवा फिरवली की रिकामे केबिन लवकर तापते, हे खरे. पण माणसे बसली की ती सोय सोडून द्यावी लागते. बाहेरची उणे २० अंशांची हवा हाडे गोठवणारी असली तरी अत्यंत कोरडी असते, आणि तापवून आत सोडली की ती टिपकागदासारखी वाफ पिऊन घेते. भाच्याच्या गाडीत घडले ते हेच.

बाहेरून धरणाऱ्या बर्फाची खबर देणारे एक यंत्रही असते, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. हवेच्या मार्गात एक दांडी असते आणि तिच्यात किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० असते. दांडीवर बर्फ साचला की बीटा किरण अडतात, मोजणी घटते आणि धोक्याचा दिवा लागतो. तिच्याजवळ विनाकारण रेंगाळायचे नाही, अशी आम्हाला ताकीद होती.

उन्हाळ्यात हेच कॉकपिट भट्टी होते. चहूबाजूंनी काच असल्यामुळे ऊन आत येते आणि आतच कोंडते. तेव्हा सरकती खिडकी आणि वैमानिकांच्या डोक्याशी असलेले रबरी पात्यांचे छोटे पंखे, एवढाच आधार असे. पाती रबरी, कारण हात लागला तरी कापू नये. त्यापलीकडे त्या पंख्यांचे फारसे कौतुक करण्यासारखे काही नाही.

काच पुसण्याबद्दल मात्र आम्ही कमालीचे सोवळे होतो. ॲक्रिलिकवर कोरडे फडके फिरवले की धूळ काचकागदासारखी घासते आणि वर स्थिर वीज निर्माण होऊन आणखी धूळ ओढली जाते. पेट्रोलसारखे द्रावक लागले तर केसांसारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून आधी भरपूर पाणी, मग उघड्या हाताने धूळ सोडवणे आणि शेवटी मऊ सुती कापड. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतणाऱ्याला आमच्याकडे क्षमा नव्हती.

त्या दिवशी मळ्यातून परत निघेपर्यंत ऊन चढले होते आणि शेकोट्यांची राख समोरच्या काचेवर पसरली होती. भाच्याने बसल्या बसल्या वायपरच्या दांडीला हात घातला, तो मी वरचेवर धरला. तो हसला, खाली उतरला आणि विहिरीकडे बादली घेऊन गेला.