मसाई मारा: तिसऱ्यांदा टॉर्च हलवायची लाज

त्या रात्री मी टॉर्च दोनदा हलवला. तिसऱ्यांदा हलवायची लाज वाटली. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

पण आधी कॅम्प कसा होता ते सांगते. केनियात, तालेक नदीच्या काठावर, मसाई मारा अभयारण्याच्या हद्दीला लागून आणि बिनकुंपणाचा. 'कुंपण नाही' हे बुकिंगच्या वेळी कौतुकाने सांगतात आणि डोंबिवलीत सोफ्यावर बसून आपणही ते कौतुकानेच ऐकतो. दहा-बारा तंबू. नावालाच तंबू, कारण आत मोठा पलंग, मागे बाथरूम, संध्याकाळी गरम पाणी. पहिल्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना चहाला बसवून नियम सांगितले. अंधार पडला की एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेर यायचं असेल तर जाळीतून टॉर्च हलवायचा, आस्करी म्हणजे पहारेकरी येतो, तोच नेतो आणि तोच परत आणून सोडतो. अगदीच अडचण आली तर उशाशी शिट्टी ठेवलेली आहे. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. चेन शेवटच्या दातापर्यंत लावायची.

आम्ही आठही जणांनी माना डोलावल्या. त्या वेळी आमच्या बॅगांमध्ये मिळून दोन किलो भडंग, चकल्या आणि माझ्या जावेच्या हातचे दाण्याचे लाडू होते. "लाडू काय, प्रवासाचे असतात, ते धरायचे नाहीत," असं जाऊबाईंचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दुपारी वेर्वेट माकडांनी ते धरले. चेनचा खालचा कोपरा चार बोटं उघडा राहिला होता, तेवढा त्यांना पुरला. मॅनेजर रागावला नाही. रिकामा डबा धुऊन, पुसून, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर आणून ठेवला.

आस्करी हा शब्द मूळ अरबी, आपल्या 'लष्कर'चा लांबचा भाऊ. आमचा आस्करी साठीच्या पुढचा, मसाई जमातीचा होता. अंगावर लाल शुका म्हणजे चादरीसारखं वस्त्र, हातात भाला, कमरेला रुंगू म्हणजे एका टोकाला गाठ असलेला लाकडी सोटा. बंदूक नाही. सगळे त्याला 'मझे' म्हणत, म्हणजे वडीलधारा. तो मला 'मामा' म्हणायचा आणि नवरा प्रत्येक वेळी हसायचा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे चक्क बहीण. चहाला मात्र चायच, चपातीला चपातीच आणि दुकानाला 'दुका'. अशा ठिकाणी माणसाला वाटतं, आपण घरीच आहोत. तेच वाईट.

भीती मला सिंहाची होती. निघायच्या आधी सावोची हकीकत वाचली होती. 1898 साली मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेलं. मजूर आपल्याकडचेच होते, त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त माणसं नेली होती. म्हणून पहिल्या रात्री पांघरुणात पाय घातला आणि काहीतरी गरम, मऊ, लुसलुशीत लागलं, तेव्हा मी किंचाळले. ती गरम पाण्याची पिशवी होती. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, ऑगस्टमध्ये रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून जेवायला गेलं की गादीत पिशवी ठेवतात. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर दुसरी रात्र. जेवून आलो, मझे सोडून गेला. नवरा अंघोळीला गेला आणि माझ्या लक्षात आलं की त्याच्या बीपीच्या गोळ्यांची डबी जेवणाच्या तंबूत टेबलावरच राहिली. मी टॉर्च हलवला. थांबले. परत हलवला. कुणी येईना. लांब स्वयंपाकघराकडे हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. म्हटलं, म्हातारा माणूस, दिवसभर-रात्रभर पाहुण्यांची ने-आण करतो, आत्ता कुठे दोन घास खायला बसला असेल. गोळ्यांच्या डबीसाठी त्याला उठवायचं? चाळीस पावलं तर आहेत. आमच्या बिल्डिंगपासून सोसायटीच्या गेटपर्यंत याच्या दुप्पट अंतर आहे आणि तिथे मी कचरा टाकायला गाऊनवर जाते.

चेन उघडली, बाहेर आले, चेन लावलीसुद्धा. नियम पाळणारी बाई ना!

पंधराएक पावलं गेले असेन. उजव्या हाताला गवत उपटल्याचा आवाज येत होता. चरर्र, थांबणं, परत चरर्र, मध्येच जड श्वास. मला खरंच भीती वाटली नाही. लहानपणी सुट्टीत गुहागरला आजीच्या गोठ्याशेजारी झोपायचो, रात्रभर हाच आवाज यायचा. माझ्या डोक्याने स्वतःच ठरवून टाकलं की गाय आहे. मी पुढे चालत राहिले. मग सहज म्हणून टॉर्च उजवीकडे वळवला.

गाय नव्हती. आधी वाटलं कोणीतरी गाडी लावली आहे. चकचकीत, ओली, राखाडी, कडांना गुलाबीसर. मग त्या गाडीने डोकं उचललं.

पाणघोड्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं नंतरचं. दिवसभर पाण्यात डुंबतो, रात्री चरायला बाहेर येतो, एका रात्रीत चाळीस किलोपर्यंत गवत खातो. वजन दीड टनाच्या आसपास, आणि एवढं धूड जमिनीवर ताशी तीसेक किलोमीटरने पळतं. मांस खात नाही, पण आफ्रिकेत सिंहापेक्षा जास्त माणसं त्याच्यामुळे मरतात. मरतात ती बहुतेक त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये सापडलेली. घाबरला की त्याला फक्त पाणी दिसतं, मध्ये कोण उभं आहे हा त्याचा प्रश्न नसतो. माझ्या उजवीकडे पाणघोडा होता. डावीकडे वीसेक पावलांवर नदी.

चावणं थांबलं. गवताचा आवाज होता तोवर ठीक होतं, तो थांबल्यावर मला घाम फुटला. पळावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते. ते हलले नाहीत हीच पुण्याई. शिट्टी? शिट्टी उशाशी.

"मामा." समोरून, अगदी हळू. "सिमामा."

त्या क्षणी मला तो 'मामा'चाच काहीतरी प्रकार वाटला. सिमामा म्हणजे थांब, उभी राहा. मझेने स्वतःचा टॉर्च जमिनीकडे धरला होता आणि तळहात खाली दाबून मलाही तसंच करायला सांगत होता. मी पाणघोड्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत उभी होते! टॉर्च खाली केला. मग त्याने बोटाने दाखवलं: मागे. पाठ न फिरवता, एक पाऊल. अजून एक. "पोले, पोले." म्हणजे हळू, हळू. तो स्वतः एका जाड खोडाआड उभा राहिला, भाला खोडाला टेकवून ठेवलेला. त्या भाल्याचा इथे काही उपयोग नाही हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी मागे सरकत तंबूच्या दोरीला अडखळले, बसलेच. तेवढ्यात ते धूड निघालं. धावलं नाही, भरभर चालत, मी जिथे उभी होते तिथून पायवाट ओलांडून खाली. झुडपं मोडल्याचा आवाज, मग पाण्याचा.

नवरा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर डोकावला. "गोळ्या मिळाल्या का?"

मझेने गोळ्या आणून दिल्या. रागावला नाही. सकाळी मात्र आमच्या ड्रायव्हर-गाईडला मध्ये घालून त्याने विचारलं, का नाही बोलावलंस? मी म्हटलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. गाईडने ते दोनदा भाषांतर केलं, कारण पहिल्यांदा मझेला ते समजलंच नाही. मग तो जे बोलला त्याचा गाईडने सांगितलेला अर्थ असा: रात्री त्रास झाला नसता तर सकाळी खूप झाला असता.

'भीड ही भिकेची बहीण' असं माझी आजी म्हणायची. त्या दिवसापासून मला सगळीकडे भीडच दिसायला लागली. आमच्यातल्या चारही बायका सकाळी साडेपाचला निघताना पाणी पीत नव्हत्या. का, तर गाडी थांबवायला कुठे सांगायचं? गाईड रोज म्हणायचा, "टायर बघायचा असेल तर सांगा." म्हणजे तो आधी उतरणार, चारी बाजूंचं गवत न्याहाळणार, मग आपण गाडीच्या अगदी मागे, झुडपाआड नाही. त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. आम्हाला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता जाऊबाईंना भर उन्हात चक्कर आली. मी यलो फीवरची लस घेतली, कारण त्या सर्टिफिकेटशिवाय परत भारतात आलात तर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या चुकवल्या नाहीत. आणि पाणी प्यायले नाही.

उलट जिथे भीड धरायला हवी तिथे आम्ही धरत नव्हतो. सिंहाभोवती एका वेळी पाचच गाड्या असा मारात नियम आहे, बाकीच्यांनी लांब थांबायचं. आमची सातवी होती. ग्रुपमधले एक काका गाईडच्या मागे लागले, "जरा पुढे घे, टिप देतो." जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला माराची फी दिवसाला दोनशे डॉलर आहे, त्यामुळे प्रत्येकाला आपला सिंह वसूल करायचा असतो, हे मलाही कळतं. पण काका सीटवर चढून छपरातून कमरेपर्यंत बाहेर आले होते. गाईडने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: सिंहाला उघडी गाडी म्हणजे एक मोठं, निरुपद्रवी काहीतरी दिसतं. त्यातून हात, धड बाहेर आलं की त्याला माणूस दिसतो. आता मात्र तो गप्प होता, टिपेवर घर चालतं त्याचं. मीही गप्प, काका वडलांच्या वयाचे. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "काका, खाली बसा. नाहीतर काकूंना व्हिडिओ कॉल लावते." काका बसले. सिंहीण जांभई देऊन झोपली.

नदीचं क्रॉसिंग दिसलं. साडेतीन तास थांबलो, विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, पाण्यापर्यंत आले, परत गेले, परत आले आणि उतरले. धूळ फार होती. फोटो सगळ्यांकडे आहेत.

शेवटच्या संध्याकाळी जेवायला जायचं होतं. मी टॉर्च हलवला. दोनदा. कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा हलवला, चौथ्यांदा हलवला. नवरा म्हणाला, "अगं, जेवत असेल तो." मी पाचव्यांदा हलवला. थोड्या वेळाने पायवाटेवर उजेड दिसला. मझे येत होता, एका हाताने शुका सावरत आणि तोंडातला घास चावत.