शेरूची नखं आणि माझा घाम

आज आमच्या कुत्र्याची, शेरूची नखं कापली. रक्त नाही, केकाटणं नाही. घाम तेवढा मला फुटला.

फरशीवर टकटक वाजायला लागलं की नखं वाढली समजायचं. तशीच ठेवली तर पंजा नीट टेकत नाही, चाल बिघडते.

खरी भीती नखाच्या आतल्या जिवंत भागाची. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. पांढऱ्या नखात तो भाग गुलाबी दिसतो, पण आमच्या साहेबांची सगळी काळी कुळकुळीत! मग एक-दोन मिलिमीटरचे पातळ काप घ्यायचे आणि दरवेळी कापलेली बाजू निरखायची. मधोमध गडद ठिपका दिसला की बस्स, थांबायचं. फार वाढलेली नखं एका बैठकीत आखूड होतच नाहीत, कारण आतला भागही लांबलेला असतो. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की तो हळूहळू मागे सरकतो.

आपलं नेलकटर नको, त्यात कुत्र्याचं जाड नख चेपतं. हाताशी कॉर्नफ्लोअर ठेवलं होतं, रक्त आलंच तर दाबून धरायला. आणि हो, पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख बघा! ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे वळून कातडीत घुसू शकतं. बरेच जण नेमकं तेच विसरतात.

पुढचे पंजे झाल्यावर स्वारीने पाय ओढून घेतला. धरून ठेवलं असतं तर पुढच्या वेळी कटर बघूनच पळाला असता. मागचे पाय उद्या. खाऊचा डबा मात्र आजच संपला.