श्रावणी सोमवारी मेंढ्या

जुनं कालनिर्णय भिंतीवरून उतरवलं की आमच्या आईचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बारा महिन्यांचा दुधाचा हिशेब पुन्हा तपासायचा. पैसे देऊन झालेले असतात, दूधवाल्याची काही तक्रार नसते, तरीही. यंदा ती ऑगस्टच्या पानावर अडली.

"हे काय गं? 'किलर ऑफ शीप'? श्रावणी सोमवारी मटण आणलंस?"

चूक माझीच. गेलं वर्षभर पाहिलेल्या सिनेमांची नावं मी त्या चौकोनांत लिहीत गेले. जेवणं आटोपली की लॅपटॉप ओट्यावर, शेजारी तापायला ठेवलेलं दूध, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनी स्टुडिओच्या वाटेला न जाता केलेले सिनेमे. हेच का, ते सांगता येणार नाही. एक पाहिला, त्याच्या शेपटाला धरून दुसरा आला. तारे द्यायची पद्धत मला झेपत नाही. साडेतीन तारे म्हणजे नक्की किती आवडला? माझी खूण एकच. नावापुढे टिंब म्हणजे दूध उतू गेलं. वर्षाची बेरीज : ४१ नावं, ६ टिंबं.

ज्यूली डॅशच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट'ला टिंब आहे. समुद्रकाठचं बेट, १९०२ साल, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका. घरातली मंडळी बेट सोडून उत्तरेला निघालीत आणि म्हातारी जागची हलायला तयार नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांची 'गल्ला' नावाची बोली मला निम्मी कळली नाही आणि अर्ध्या तासाने त्याचं काही वाटेनासं झालं. पातेलं मात्र दोन दिवस घासत होते. कृष्णवर्णीय बाईने केलेला पूर्ण लांबीचा सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरांत रीतसर वितरित व्हायची ती पहिली वेळ, म्हणे. साल १९९१! त्याआधी, १९८२ मध्ये, कॅथलीन कॉलिन्सने 'लूजिंग ग्राउंड' केला होता. तो तसा लागलाच नाही. ती १९८८ मध्ये गेली आणि पुढे तिच्या मुलीने खटपट करून तो २०१५ मध्ये पडद्यावर आणला. ऑस्कर मिशोचा १९२० चा 'विदिन अवर गेट्स' तर हरवलाच होता. प्रत सापडली ती स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' असं नाव लावून बसलेली.

पण आईने बोट ठेवलं होतं ते चार्ल्स बर्नेटच्या सिनेमावर. तो दोन चौकोनांत आहे आणि दोन्हीकडे टिंब आहे.

लॉस एंजेलिसमधली वॉट्स नावाची वस्ती. स्टॅन खाटिकखान्यात कामाला, त्याला झोप लागत नाही. गोष्ट म्हणावी तर एवढीच. बर्नेट तेव्हा विद्यापीठात शिकत होता. शनिवार-रविवार जमवून, वस्तीतली माणसं आणि पोरं घेऊन, लिहिणं, चित्रण, संकलन सगळं स्वतःच करून त्याने तो उभा केला. त्यात एक प्रसंग आहे. स्टॅन आणि त्याचा मित्र गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात. ते अवजड धूड दोघं जिन्यावरून, मग उतारावरून, धापा टाकत खाली आणतात आणि ट्रकच्या मागच्या कडेवर कसंबसं टेकवतात. अजून थोडं आत सरकवायला हवं, हे आपल्याला दिसत असतं. मित्र म्हणतो, राहू दे. गाडी सुरू होते, इंजिन खाली. फुटलं. दोघं बघतात आणि निघून जातात. रस्त्यात पडलेलं इंजिन लहान लहान होत जातं.

तिथे मी गिरगावात पोचले. आमच्या चाळीत नानांनी जुना फ्रिज घेतला होता. तिसरा मजला, लाकडी जिना, सुंभाचे दोर, सहा पुरुष आणि सोळा सल्ले. "डावीकडे घ्या!" "अहो, कुणाच्या डावीकडे?" शेवटच्या वळणावर तो निसटला आणि चार पायऱ्या धाडधाड खाली गेला. आम्ही पोरं पोट धरून हसलो. नाना काही बोलले नाहीत. पायरीवर बसून, बोटाला थुंकी लावून, कोपऱ्यावरचा ओरखडा पुसत राहिले. तो पुसण्यातला नव्हता. फ्रिजचं दार पुढे कधी नीट लागलंच नाही. काकू त्यात पापड ठेवायच्या.

इतक्या वर्षांत तो प्रसंग मी विनोद म्हणूनच सांगत आले होते. बर्नेटही तो विनोदासारखाच दाखवतो, पण हसणारी पोरं त्याने तिथे ठेवली नाहीत.

"त्यात गाणी नाहीत का?" आईने मध्येच विचारलं.

गाणीच तर नडली. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन, एकाहून एक. सिनेमाचा खर्च १०,००० डॉलरच्या आत. विद्यापीठात तो १९७७ मध्ये सादर झाला, पण गाण्यांचे हक्क नव्हते म्हणून थिएटरात लागला तो २००७ मध्ये. हक्क सोडवायला लागले १,५०,००० डॉलर.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," आई म्हणाली.

मी मनात हिशेब केला. एकास पंधरा. म्हणजे कोंबडी चार आण्याची, तर मसाला पावणेचार रुपयांचा.

मग मी तिला त्यातला एकच तुकडा दाखवला. नवरा-बायको खिडकीच्या उजेडात संथ नाचताहेत. गाणं संपतं, ती त्याला बिलगू बघते आणि तो बाजूला होऊन निघून जातो. ती खिडकीशी एकटी. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मग त्या सोमवारी दूध एक का दोन?"

"दोन," मी म्हटलं. खरं तर आठवत नव्हतं.