अमेरिकेत एजन्सीमार्फत फिजिओथेरपी: ‘४० तास पक्के’ हे आधी लेखी घ्या

फिजिओथेरपिस्टना नोकरीवर घेऊन अमेरिकेतल्या संस्थांकडे कामाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने फोनवर शब्द दिला होता, आठवड्याला ४० तास पक्के. करारपत्रात त्या जागी नुसतं ‘फुल टाइम’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘रुग्णसंख्येनुसार तासांत बदल होऊ शकतो’. पुढचं सगळं रामायण या बारीक अक्षरांमुळे घडलं. ज्यांची परीक्षा आणि परवाना मार्गी लागलाय आणि जे आता सही करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

त्याआधीच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात. एफसीसीपीटी या संस्थेकडून पदवीची तपासणी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई ही परवान्याची परीक्षा. एनपीटीई वर्षातून ४ वेळा होते आणि ती अमेरिकेच्या हद्दीत जाऊनच द्यावी लागते. पास व्हायला २०० ते ८०० च्या मापावर ६००. बारा महिन्यांत जास्तीत जास्त ३ आणि आयुष्यात ६ वेळाच बसता येतं, त्यामुळे ‘एकदा देऊन तर बघू’ हा विचार महागात पडतो. काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबराशिवाय परवाना देत नाहीत आणि अमेरिकेत काम करायची मुभा असल्याशिवाय तो नंबर सहसा मिळत नाही. राज्य निवडताना हे आधी बघा. वैतागवाणं आहे, पण यात फसवणूक कुणी करत नाही.

एजन्सी बहुतेकदा पाठवते ती स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत, म्हणजे शुश्रूषा केंद्रात. खुबा मोडलेले, पक्षाघात झालेले, हॉस्पिटलमधून सुटले पण घरी जाण्याजोगे नाहीत असे म्हातारे रुग्ण. कामाला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची ती प्रॉडक्टिव्हिटीला. माझ्या फॅसिलिटीत ती ९० टक्के मागत. म्हणजे ४८० मिनिटांच्या दिवसात ४३२ मिनिटं प्रत्यक्ष रुग्णाबरोबर. उरलेल्या ४८ मिनिटांत नोट्स, नर्सशी बोलणं, व्हीलचेअर शोधणं आणि ‘आज नको’ म्हणणाऱ्या आजोबांची मनधरणी. हे बसत नाही. मग लोक क्लॉक आउट करून, म्हणजे सुटल्याची नोंद करून, नोट्स लिहीत बसतात. तासावर पगार असेल तर हे फुकटचं काम आहे. करू नका. पहिल्याच आठवड्यात केलंत की तोच तुमचा वेग ठरतो.

आता तासांचं. १ ऑक्टोबर २०१९ पर्यंत मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा अशा फॅसिलिटींना बऱ्याच अंशी थेरपीच्या मिनिटांवर पैसे देई. पीडीपीएम ही नवी पद्धत आल्यापासून पैसे रुग्णाच्या अवस्थेवरून ठरतात, मिनिटांवरून नाही. थेरपिस्ट एका झटक्यात कमाईचा न राहता खर्चाचा झाला. सेन्सस, म्हणजे दाखल रुग्णांचा आकडा, उतरला की पहिली कात्री आपल्यावर. मला दुपारी १२ ला, ‘आज एवढंच, घरी जा’ सांगू लागले. आठवडा २६ तासांवर यायचा, पगारही तेवढ्याचाच. घरभाडं आणि गाडीचा हप्ता मात्र पूर्ण आठवड्याचा!

खरी मेख पुढे आहे. एजन्सीची कोऑर्डिनेटर गोड आवाजात सांगायची, ‘उरलेले तास टाइमशीटवर पर्सनल म्हणून टाक, सिस्टम मागते.’ सिस्टम वगैरे काही मागत नाही. एच-१बीवर, म्हणजे मालकाच्या अर्जावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर काम नसलेल्या वेळेचाही पगार एजन्सीला द्यावाच लागतो, कारण एलसीए या अर्जात तिने सरकारला तसं लिहून दिलेलं असतं. परवाना यायचा राहिलाय म्हणून बसून असाल, तरी हाच नियम. अमेरिकेत उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत पगार सुरू झालाच पाहिजे. मुख्य अपवाद: सुट्टी तुम्ही स्वतःच्या मर्जीने मागितली असेल तर. म्हणून तर ‘पर्सनल’ लिहायचा आग्रह! तो शब्द टाकला की तुमचा हक्क तुम्हीच सोडल्यासारखा दिसतो.

एलसीएची प्रत कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत हातात द्यायची असते. मला मागून घ्यावी लागली. त्यात पूर्णवेळ आणि तासाचा दर स्वच्छ छापलेला होता. मी ईमेल लिहिला: कापलेल्या तासांची यादी, एलसीए जोडलेला, आणि खाली एकच वाक्य की उत्तर आलं नाही तर कामगार खात्याकडे डब्ल्यूएच-४ हा तक्रारीचा फॉर्म भरेन. पैसे आले. माफी नाही, खुलासा नाही, पुढच्या पगारात गुपचूप एक जादा ओळ. त्या दिवशी इतकं बरं वाटलं की सगळ्यांना सांगावंसं वाटलं, भांडाच! जरा थंड डोक्याने सांगायचं तर: भांडा, पण नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, एवढं गृहीत धरून.

नोकरी मुदतीआधी सोडताना मागितल्या जाणाऱ्या रकमेला सगळे घाबरतात. एच-१बीवर मुदतीआधी सोडल्याचा दंड एजन्सीला घेता येत नाही. करारात आधी ठरवलेली नुकसानीची वाजवी भरपाई मागता येते, आणि यातला फरक राज्याच्या कायद्याने ठरतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फिलिपिनो नर्सच्या करारातली २५,००० डॉलरची अट बेकायदा ठरवली होती. याचा अर्थ प्रत्येक अट फुसकी असते असा नाही. सहीआधी वकिलाला पैसे द्या, एजन्सीने सुचवलेल्या वकिलाला नव्हे. आणि एच-१बी अर्जाची किंवा त्याच्या वकिलाची फी कुणी तुमच्याकडे मागितली तर तिथूनच परत फिरा, तो मालकाचा खर्च आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने आणायच्या एच-१बी कामगारावर १ लाख डॉलरची रक्कम लागली, तीही मालकानेच भरायची. ती कोण भरणार यावर एजन्सीचं ‘बघू, होऊन जाईल’ हे उत्तर नाही.

दुसऱ्या शहरातल्या फॅसिलिटीत पाठवू लागले तर एच-१बीचा सुधारित अर्ज दाखल झाल्याचा कागद बघितल्याशिवाय हलू नका. तुमचे कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत टिपा, कारण तक्रारीची मुदत १२ महिन्यांची आहे. कामाच्या सॉफ्टवेअरचे फोटो मात्र काढू नका. त्यात रुग्णाचं नाव आलं की तुमची तक्रार बाजूला राहते आणि तुमच्यावरच चौकशी बसते.