हशा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा

विनोदी नाटकाचा प्रयोग पडला की पहिला आळ नटांवर येतो. दुसरा प्रेक्षकांवर, ‘आमच्या गावाला हसायचंच वावडं’ म्हणून. खरं पाहिलं तर असे कितीतरी प्रयोग पडदा उघडायच्या आधीच पडलेले असतात. तारीख चुकलेली असते, दार अडकलेलं असतं, माइक खरखरत असतो आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या असतात. गंभीर नाटक अशा गोष्टी थोड्याफार पोटात घालतं, विनोद घालत नाही. एक शब्द ऐकू आला नाही की त्यावर उभं असलेलं पुढचं वाक्य वाया जातं आणि शेजारचा ‘काय म्हणाला?’ विचारायला लागला की त्याच्यापुढचंही.

तेव्हा कोकणात विनोदी नाटक लावणाऱ्याने सुरुवात तारखेपासून करावी. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण यांपैकी कुठलीही शनिवारची संध्याकाळ घ्या, ती रिकामी सापडत नाही. एकाच घराला एका संध्याकाळी हळद, बारसं, सत्यनारायणाचं तीर्थप्रसाद आणि कुणाच्या तरी सेवानिवृत्तीचा समारंभ असतो. म्हणून आधी पंचांग उघडायचं आणि लग्नाचे दाट मुहूर्त सोडायचे. नाट्यगृहाजवळच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी काय आहे, हेही विचारून घ्यायचं. हळदीला हल्ली डीजे असतो. बंद भिंतीतून गाण्याचे शब्द येत नाहीत, पण खालचे ठोके येतात, आणि नटाने पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या शब्दाच्या, आधी घेतलेला पॉज नेमका त्या ठोक्यांनी भरून निघतो.

शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते, तेव्हा नाटकाचं नाव काढू नये. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावात असतात म्हणून तारीख मोहात पाडते, पण बागायतदार संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरत असतात, त्यांना साडेसातला खुर्चीत आणणं अवघड. मच्छीमार वस्तीचा प्रेक्षक हवा असेल तर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ बरा. अट एकच, सभागृहाला पत्र्याचं छप्पर नको. कोकणातला आषाढसरींचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की कुठल्याही माइकचा इलाज चालत नाही. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा आणि दशावताराचा हंगाम सुरू होतो, तेव्हा शेजारच्या चार गावांच्या जत्रांच्या तारखा लिहून घ्यायच्या. आंगणेवाडीची यात्रा ठरलेल्या तिथीला नसते, दरवर्षी वेगळी ठरते. ती जाहीर झाल्याशिवाय मालवण तालुक्यात प्रयोगाची आगाऊ रक्कम देणं म्हणजे पायावर धोंडा.

रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह अशी बंद सभागृहं मिळाली तर कायद्याचा एक प्रश्न सुटतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतो, बंद सभागृहाला त्यातून सूट आहे. उघड्या मैदानावर ती नाही. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं, पण आपली तारीख त्यात बसते का ते आधी पाहायचं. नाहीतर दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात पोलीस विंगेत येऊन उभे राहतात, आणि तो हशा आपल्याला नको असतो. संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, त्याच्या क्रमांकासह, व्यवस्थापकाच्या फायलीत वर ठेवलेलं बरं. (नाटककार मामा वरेरकरांचा जन्म १८८३ चा, चिपळूणचा, नाट्यगृह मात्र मालवणचं. दोन्ही गावं त्यांना आपलं म्हणतात, त्यात पडू नये.)

वेळ साडेसातची. दोन अंकी नाटक मध्यंतरासह पावणेतीन तास धरलं तरी सव्वादहाला संपतं. गणपतीपुळे किंवा पावसहून आलेल्याला घर गाठायचं असतं, आणि शेवटची एसटी कधीच गेलेली असते. आसपासच्या गावांतून पंचवीस-तीस तिकिटं एकत्र जात असतील तर परतीची गाडी तिकिटासोबतच ठरवून द्यावी. नाहीतर मध्यंतरानंतर मागच्या खुर्च्या हळूहळू मोकळ्या होतात, आणि उठणाऱ्या माणसाकडे सगळा प्रेक्षक वळून पाहतो.

आता फार्स. फार्स म्हणजे दारांचं नाटक. एक पात्र या दारातून आत, दुसरं त्या दारातून बाहेर, आणि दोघांची गाठ पडता पडता राहिली पाहिजे. तीन दारं असलेला सेट हौशी संस्थेने स्वतः बांधला की दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे दमट हवेने लाकूड फुगतं आणि दार अडकतं. चौकट आणि झडप यांत सगळीकडून पाव इंच फट ठेवावी, रंगाचे दोन हात बसल्यावर ती मोजावी, आधी नव्हे. खरी कडी लावायचीच नाही. मॅग्नेटचा कॅच लावला की धक्क्याने उघडतं आणि सोडलं की बंद राहतं. झडप रंगमंचाच्या बाहेरच्या बाजूला उघडावी आणि बिजागऱ्या मागच्या पडद्याकडच्या अंगाला असाव्यात. त्यामुळे आत येणारा नट झडपेआड न जाता पहिल्या पावलापासून सगळ्यांना दिसतो. आत उघडणाऱ्या दाराने निम्मी एंट्री खाल्लेली असते.

दुसरी गोष्ट, दार आपटलं की अख्खी भिंत हलते. भिंत हलली की प्रेक्षक हसतो, पण पात्राला नव्हे, सुताराला हसतो, आणि पुढच्या तीन वाक्यांचं पाणी होतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना मागून तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर वजन हवं. कोकणात वजनाला तोटा नाही. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा जांभा चिरा साधारण पंचवीस-तीस किलोचा भरतो. एका टेकूला एक पुरतो. चिरा गोणपाटात गुंडाळूनच विंगेत आणायचा, नाहीतर लाल धूळ नायिकेच्या साडीच्या काठाला लागते आणि पुढच्या प्रवेशात ती ‘बागेतून’ आल्यासारखी दिसते. चौकटीच्या तळाला उंबऱ्याऐवजी चपटी लोखंडी पट्टी मारली की चौकट वाकडी होत नाही आणि धावत येणाऱ्याचा पायही अडखळत नाही. रंगीत तालमीत प्रत्येक दार पन्नास वेळा आपटून पाहावं, आणि ते त्याच नटाने आपटावं जो प्रयोगात आपटणार आहे. सुतार हलक्या हाताने लावतो.

मिशी हाही दमट हवेचाच बळी. ओठावरची कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करायची, गोंद लावून तो चिकट होईपर्यंत थांबायचं, मग मिशी ठेवून किंचित ओल्या कापडाने दाबून धरायची. ओल्या गोंदावर मिशी चिकटवली की पहिल्या अंकाच्या मध्यापर्यंत एका टोकाने सुटतेच. शेवटी सगळा रंग खोबरेल तेलाने उतरवायचा, त्याला इथे तोड नाही.

माइकच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं, हा समज सोडावा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट केली की स्पीकर शिट्टी मारायला लागायच्या आधी मिळणारा आवाज तीन डेसिबलने कमी होतो. तीस फुटी रंगमंचाला पुढच्या काठावर तीन ‘फूट माइक’, म्हणजे खाली फळ्यांलगत ठेवायचे माइक, आणि वरून दोन टांगलेले पुरतात. फूट माइक थेट फळ्यांवर ठेवला तर धावणाऱ्या नटांचे पाय ढोलासारखे वाजतात; खाली अर्धा इंच फोम आणि मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापलेला असावा. अंगावरचा माइक असेल तर तो केसांच्या रेषेत लावावा, छातीवरचा घामाने बंद पडतो. त्याच्या बॅटऱ्या मध्यंतरात बदलायच्या, ‘अजून आहे’ असं ध्वनिवाला म्हणाला तरी.

मैदानावरच्या प्रयोगात मागे स्पीकरचे जादा बॉक्स लावतात आणि तिथेच पंच मरतो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. मागचा बॉक्स रंगमंचापासून २० मीटरवर असेल तर समोरचा आवाज तिथे सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मिक्सरवर त्या बॉक्सला ६० मिलिसेकंदांच्या आसपास डिले, म्हणजे तेवढा उशीर, दिला की काम भागतं. ध्वनिवाल्याला हे माहीत असतं, पण सांगितल्याशिवाय तो करत नाही. मैदान किनाऱ्याजवळ असेल तर संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो. माइकला फोमची टोपी हवी, आणि मागच्या पडद्याच्या खालच्या दुमडीत पाइप सरकवावा. शिड फुगल्यासारखा पडदा पुढे आला की दिवाणखान्याचा मचवा होतो.

विजेबद्दल एवढंच: एक हजार वॅटचे बारा ‘पार’ जातीचे रंगमंचाचे दिवे म्हणजे १२ किलोवॅट, २३० व्होल्टला सुमारे ५२ अँपिअर. हे एका फेजवर टाकलं की पहिल्याच ब्लॅकआउटनंतर दिवे परत येत नाहीत. दिवे दोन फेजवर वाटावे, आणि ध्वनीची तार तिसऱ्या, मोकळ्या फेजवर घ्यावी. नाहीतर दिवे मंद करणाऱ्या डिमरची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. एलईडी दिवे असतील तर हा हिशोब एकदम हलका होतो.

सभागृहात सगळ्यात महाग जागा म्हणजे पुढच्या दोन रांगा, आणि आपल्याकडे त्या पाहुण्यांसाठी राखून रिकाम्या ठेवायची पद्धत आहे. पाहुणे पहिल्या अंकाच्या मध्यात येतात, वाकून येतात आणि तरीही दिसतात. रंगमंचावरून नटाला दिसतो तो पहिला चेहरा रिकाम्या खुर्चीचा असेल तर त्याचं टायमिंग पाच मिनिटांत ढिलं पडतं. हशा पुढून मागे सरकतो, मधे पोकळी असली की तिथेच विरतो. दुसरी घंटा झाली की राखीव खुर्च्या मागच्या प्रेक्षकांना सोडायच्या, हा नियम निमंत्रणपत्रिकेवरच छापावा. एकदा आमदाराला चौथ्या रांगेत बसावं लागलं की पुढच्या वर्षी सगळे वेळेवर येतात. पाचशेच्या सभागृहात तीनशे तिकिटं गेली असतील तर मागचा भाग दोरी लावून बंद करावा आणि सगळ्यांना पुढे घ्यावं. विखुरलेली तीनशे माणसं गालातल्या गालात हसतात, खेटून बसलेली तीनशे मोठ्याने.

शाल-श्रीफळ? असेल तर दहा मिनिटं, बसून ऐकायला लावणारी भाषणं वगळून. चाळीस मिनिटांच्या सत्कारानंतर ‘आता हसा’ म्हणणं हा प्रेक्षकांवर अन्याय आहे.

नटांचं काम इथून पुढे. हशा आला की थांबायचं, पण तो पूर्ण विझेपर्यंत नाही. चढून उतरायला लागला आणि तिसरा हिस्सा उरला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण शांततेची वाट पाहिली की नाटक दर मिनिटाला नव्याने सुरू होतं, आणि हशावरच बोललं तर तो हशा प्रेक्षक आपणहून आवरता घ्यायला शिकतो. पंचच्या शब्दावर दुसऱ्या पात्राने हात हलवायचा नाही, पाणी प्यायचं नाही, ओढणी सावरायची नाही. नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते.

अ‍ॅडिशन, म्हणजे संहितेबाहेरचं आयत्या वेळचं वाक्य, घ्यावी, अंकाला एक. खड्डे, वीज, एसटी हे विषय सगळीकडे चालतात. गावातल्या जिवंत माणसाचं नाव घेतलं की अर्धं सभागृह हसतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या घरी फोन करतं. भाषेचंही भान हवं. मालवणी लकब कणकवली-कुडाळला सोन्यासारखी चालते, पण रत्नागिरीकडच्या संगमेश्वरी बोलीचा कान असलेल्या प्रेक्षकाला ती ‘त्यांची’ वाटते. सिंधुदुर्गात नाटकात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घातलेलं साकडं, आलं की प्रेक्षक ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारच, त्याला सांगावं लागत नाही. तेव्हा गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर त्याची जागा सोडायची. बाहेरून आलेला नट ती सोडत नाही आणि सगळी मजा एकमेकांवर आदळते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये गावच्या नाटकाचा जो गोंधळ दिसतो, तो काटेकोर तालमीचा गोंधळ आहे, तो पाहून आपल्याकडे तालीम कमी करायची प्रथा पडली, ती उलटी.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. पाचशे प्रेक्षकांत साडेतीनशे चहा धरावेत, कपाला १०० मिली म्हणजे ३५ लिटर. एक माणूस मिनिटाला दहा कप ओततो, म्हणून तीन टेबलं, आणि पैसे घेणारा वेगळा. बटाटेवडा कागदात द्यावा. वेफरची पाकिटं विकायचीच नाहीत, दुसऱ्या अंकातलं पहिलं कुजबुजतं दृश्य त्या कुरकुरीत जातं. उन्हाळ्यात कोकम सरबत आधीच ओतून ठेवावं, एक भाग सिरप आणि पाच भाग पाणी. चहाची रांग निम्मी होते. पहिली घंटा दहाव्या मिनिटाला.

मुंबईहून आलेल्या मंडळींचं जेवण प्रयोगानंतरच असतं, भरल्या पोटी कुणी फार्स करत नाही. मेकअप उतरवून, सामान गाडीत चढवून ती अकराला टेबलावर येतात, तोवर गावातल्या खानावळी चुलीवर पाणी ओतून मोकळ्या झालेल्या असतात. सकाळीच माणसं मोजून सांगावं, किती जण मासे खातात आणि किती नाही तेही. दुसऱ्या दिवशी कणकवलीला प्रयोग असेल तर ट्रक रात्रीच सुटतो. टेकू आणि पट्ट्या त्यात जातात, चिरे मात्र ज्याच्या आवारातून आणले त्याला दुपारच्या आत मोजून परत.